सॉफ्टवेअरचा बाजार आणि मोठ्यांचा वांटा

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर, राजगुरुनगर लागतें. भीमेच्या कांठचें हें जुनें खेड. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचें जन्मगांव म्हणून त्याला हें नवें नांव मिळालें. याच तालुक्यांत, पुण्याच्या बाजूस, चाकण आहे. तेथें १९९९ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ सालीं फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, पाठोपाठ महिंद्र आली. आणि ज्या रस्त्यानें पूर्वीं कांद्याच्या गाड्या जात, त्या रस्त्यावर नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक मालट्रक दिसूं लागले. कोणी चिकाटीचा माणूस रस्त्याच्या कडेला बसला, तर दिवसभरांत किती मोटारी गेल्या हें तो मोजून सांगूं शकेल. त्या प्रत्येक मोटारीच्या पोटांत, तिचें इंजिन, ब्रेक आणि दिवे यांना हुकूम सोडणाऱ्या लक्षावधि ओळींच्या आज्ञा असतात. त्या मोजावयास मात्र रस्त्याची कडा उपयोगाची नाहीं.

या आज्ञांच्या मालिकेला सॉफ्टवेअर म्हणतात. त्याचा बाजार केवढा आणि त्यांतील अग्रेसर कंपन्यांचा वांटा किती, याचे आंकडे वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. एकाच कंपनीचा वांटा एका आंकड्यानें दहांतला एक ठरतो, दुसऱ्यानें पन्नासांतला एक; आणि दोन्ही आंकडे खरे असतात. हें कसें घडतें तें ध्यानांत आलें नाहीं, तर कोणाचें बळ किती याचा अंदाज हटकून चुकतो.

बाजार म्हटला म्हणजे माल, माप आणि भाव हीं तीन आलीं. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार तेथील कारखान्यांच्या पुष्कळ आधींचा. कांद्याचीं पोतीं कांट्यावर चढतात, अडत्याकडे लिलाव होतो, आणि संध्याकाळीं किती क्विंटल आवक झाली व एकेका व्यापाऱ्यानें त्यांतली किती उचलली हें बिनचूक सांगतां येतें. कांदा विकला कीं तो विकणाऱ्याजवळ राहत नाहीं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यावयाचा तर दुसरा पिकवावा लागतो. सॉफ्टवेअर विकलें तरी तें विकणाऱ्याजवळ जसेंच्या तसें राहतें. पहिली प्रत तयार करण्यांत शेंकडों माणसांचीं वर्षें खर्ची पडतात. दुसऱ्या प्रतीला जवळजवळ कांहींच लागत नाहीं. तेव्हां वजन किंवा नग हीं मापें येथें लंगडीं पडतात. लोकांनीं किती पैसे मोजले, एवढें एकच माप उरतें. आणि ते पैसे कशाबद्दल मोजले असें धरावयाचें, यावर सारा हिशेब फिरतो.

एके काळीं या आज्ञांना निराळी किंमतच नव्हती. संगणक भाड्यानें घेतला कीं आज्ञा त्याच्याबरोबर येत. शिवणयंत्राबरोबर तेलाची कुपी यावी तशा. २३ जून १९६९ रोजीं अमेरिकेच्या आयबीएम कंपनीनें यंत्राचें बिल वेगळें आणि आज्ञांचें वेगळें करण्याचें जाहीर केलें, आणि कुपीला स्वतःचा भाव आला. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था त्याच्या आदल्याच वर्षीं मुंबईंत निघाली होती. १९८१ सालीं सात जणांनीं दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यांत इन्फोसिस काढली. दोन वर्षांनीं ती बंगळूरला गेली, आणि पुणेकर ती गोष्ट अजून थोड्या हळहळीनेंच सांगतात. पुढें चाकणच्या नैऋत्येला हिंजवडीस संगणक-उद्योगाची वसाहतच उभी राहिली.

या उद्योगांत दोन अगदीं निराळे धंदे एका नांवाखालीं चालतात. एकांत गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणें त्याच्यासाठीं आज्ञा लिहून द्यावयाच्या. ही सेवा, आणि तिचें उत्पन्न माणसें किती व तास किती यांवर चढतें. दुसऱ्यांत एकदां लिहिलेली तयार वस्तु असंख्य गिऱ्हाइकांना वापरावयास द्यावयाची, हा माल. भारताचा नांवलौकिक मुख्यतः पहिल्या धंद्यांत आहे. नॅसकॉम या उद्योगसंघाच्या अंदाजाप्रमाणें २०२४-२५ सालीं भारतीय उद्योगाचें उत्पन्न सुमारें २८,२६० कोटी डॉलर होतें आणि त्यांत सुमारें ५८ लाख माणसें कामास होतीं. त्या वर्षीं टाटा कन्सल्टन्सीचें उत्पन्न सुमारें ३,०२० कोटी डॉलर, इन्फोसिसचें १,९२८ कोटी, एचसीएलटेकचें १,३८४ कोटी, विप्रोचें १,०५० कोटी आणि पुण्यांत मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रचें ६२६ कोटी. पांचांची बेरीज आठ हजार कोटींच्या आसपास भरते. म्हणजे एकंदर उद्योगाच्या शेंकडा अठ्ठावीस.

परंतु हा भागाकार करतांना भाजक काय घेतला तें पाहावें. नॅसकॉमच्या एकंदरींत यंत्रसामग्री आहे, टेलिफोनवरून गिऱ्हाइकांचीं गाऱ्हाणीं ऐकण्याचें काम आहे, आणि परदेशी कंपन्यांनीं केवळ स्वतःच्या कामासाठीं भारतांत उघडलेलीं केंद्रेंही आहेत. हीं केंद्रें बाजारांत कांहींच विकत नाहींत. तरी त्यांचा खर्च बेरजेंत येतो. उलट, टाटा कन्सल्टन्सीचीं बहुतेक गिऱ्हाइकें भारताबाहेर आहेत. तिची स्पर्धा जगाच्या बाजारांत आहे, आणि गार्टनर या संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगभर अशा सेवांवर दीड लाख कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. त्या भाजकानें भारतांतील सर्वांत मोठ्या कंपनीचा वांटा शेंकडा दोनच्या घरांत येतो. येथें कोणा एकाची मक्तेदारी नाहीं. गिऱ्हाईक आज एकाकडे, तर पुढच्या करारास दुसऱ्याकडे जाऊं शकतें.

मालाच्या धंद्याचें चित्र निराळें. जून २०२५ मध्यें संपलेल्या वर्षांत एकट्या मायक्रोसॉफ्टचें उत्पन्न सुमारें २८,१७० कोटी डॉलर होतें. हा आंकडा भारताच्या सबंध उद्योगाच्या आंकड्याशीं जवळजवळ तंतोतंत जुळतो. भारतांत त्यासाठीं ५८ लाख माणसें लागलीं. मायक्रोसॉफ्टमध्यें सुमारें २ लाख २८ हजार. मायक्रोसॉफ्ट यंत्रेंही विकते आणि जाहिरातीही घेते, तेव्हां तुलना काटेकोर नव्हे. पण दर माणशीं पंचवीस पटींचें हें अंतर तेवढ्यानें मिटत नाहीं. एकीकडे राबणाऱ्या हातांचा मोबदला आहे, दुसरीकडे एकदां लिहिलेल्या आज्ञांच्या प्रतींचा. या दोहोंची एकच बेरीज करणें म्हणजे शेतमजुराची रोजी आणि जमीनदाराचा खंड एका रकान्यांत मांडणें होय.

वांटा कशांतला, हा प्रश्न न्यायालयांनाही सोडवावा लागला आहे. अमेरिकेंत मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीबद्दल खटला झाला, तेव्हां इंटेल जातीच्या चिपवर चालणारे संगणक एवढाच बाजार धरावा कीं अॅपलचे संगणकही त्यांत घ्यावे, असा वाद पडला. न्यायाधीश जॅक्सन यांनीं नोव्हेंबर १९९९ मध्यें आपले निष्कर्ष दिले. पहिल्या मापानें कंपनीचा वांटा शेंकडा ९५ वर जात होता. अॅपल धरूनही तो ८० च्या पुष्कळ वर राहत होता. भारतांत स्पर्धा आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला, तेव्हां इतर फोन बनविणाऱ्यांना परवान्यानें देतां येणाऱ्या प्रणालींचाच बाजार त्यानें विचारांत घेतला. अॅपल आपली प्रणाली कोणाला देतच नाहीं, म्हणून ती बाहेर राहिली. असल्या निवाड्यांमागें एक साधी कसोटी असते : भाव वाढला, तर गिऱ्हाइकाला जावयास दुसरें दुकान आहे काय ?

ही कसोटी चाकण-भोसरीच्या पट्ट्यांतील एखाद्या लहान कारखान्याला लावून पाहावी. पंधरा-वीस कामगार, दोन-तीन सीएनसी यंत्रें, आणि मोठ्या पुरवठादाराकडून येणारें सुट्या भागांचें काम. पूर्वीं ड्रॉइंग निळ्या कागदावर येई, आणि तें वाचावयास चांगले डोळे पुरत. आतां तें संगणकावरचा त्रिमिती आराखडा म्हणून येतें. तो फ्रान्सच्या दासो सिस्टीम्सच्या कॅटियामध्यें केलेला असेल, जर्मनीच्या सीमेन्सच्या एनएक्समध्यें किंवा अमेरिकेच्या पीटीसीच्या क्रिओमध्यें. ज्यांत तो केला, त्यांतच तो नीट उघडतो. यावर तोड म्हणून ‘स्टेप’ नांवाची आंतरराष्ट्रीय मध्यस्थ पद्धति १९९४ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्या द्वारें आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यांत खुशाल नेतां येतो. परंतु तो आकार कोणत्या क्रमानें घडविला, कोणत्या मापावर दुसरें माप टांगलें होतें, ही त्याची हकीकत बहुधा मागें राहते. जुळारी लग्न जमवून देतो; घरांतल्या खोडी सांगत नाहीं. मग एक भोंक दोन मिलिमीटर सरकवावयाचें झालें, तर त्याला टेकून असलेलीं बाकीचीं मापें हातानें दुरुस्त करावीं लागतात, आणि एक चूक राहिली तर सबंध जॉब भंगारांत जातो.

म्हणून लहान कारखानदार सॉफ्टवेअर निवडीत नाहीं. त्याचें गिऱ्हाईक जें वापरतें तें तो घेतो. दोन गिऱ्हाइकें असलीं तर दोन घेतो. त्याच्याकडे नोकरी मिळावी म्हणून राजगुरुनगर-मंचरचीं मुलें तेंच सॉफ्टवेअर शिकतात, आणि शिकलेलीं मुलें तेंच मिळतें म्हणून पुढचा कारखानदारही तेंच घेतो. मोठ्या कंपनीचा वांटा अशा रीतीनें आपला आपण टिकून राहतो. अलीकडे विकत घेण्याची सोयही कमी झाली आहे. ऑटोकॅड हें ड्रॉइंगचें सॉफ्टवेअर १९८२ पासून काढणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीनें २०१६ सालीं कायमचे परवाने विकणें थांबविलें. तेव्हांपासून मुदतीचें भाडें भरावयाचें. मंदीच्या वर्षीं जुन्या लेथवर काम निभावतां येतें, पण भाडें चुकलें तर सॉफ्टवेअर उघडतच नाहीं.

दुसऱ्या दुकानांत जाणें अशक्य नाहीं, पण तें कोणाच्या हातीं असतें तेंही पाहण्याजोगें आहे. २०१० सालच्या अखेरीस मर्सिडीज-बेंझची मालक कंपनी डाइमलर हिनें कॅटिया सोडून एनएक्स घेण्याचें ठरविलें. हें स्थलांतर पुरें व्हावयास तिला वर्षें लागलीं. एवढ्या मोठ्या घराण्याला जें इतकें जड गेलें, तें वीस माणसांच्या कारखान्यास स्वतःच्या मनानें करतां येईल अशी कल्पनाही व्यर्थ आहे. जगाच्या सॉफ्टवेअर-खर्चांत, जो २०२४ सालीं एक लाख कोटी डॉलरांच्या घरांत गेला, आराखड्यांच्या या सॉफ्टवेअरचा हिस्सा अगदीं लहान आहे. आणि त्या कारखानदाराच्या टेबलावर मात्र एकाच कंपनीचा वांटा शेंकडा शंभर आहे.

याची उलट बाजू पुण्यांतच सांपडते. कीर्तने आणि पंडित या हिशेब-तपासनिसांच्या पेढींतून १९९० सालीं निघालेली केपीआयटी ही कंपनी आतां केवळ मोटारींसाठीं सॉफ्टवेअर लिहिते. २०२४-२५ मधील तिचें उत्पन्न सुमारें ५,८४२ कोटी रुपये. नॅसकॉमच्या एकंदरींत हा वांटा शेंकडा पावसुद्धां भरत नाहीं. तरी होंडा आणि रेनॉ यांसारख्या कंपन्या तिच्याकडे काम सोंपवितात, कारण त्या अरुंद गल्लींत जाणकार दुकानें थोडीं आहेत.

मोटारींतील आज्ञांचा हिशेब तर याहून चमत्कारिक. त्या केपीआयटीनें परदेशी गिऱ्हाइकासाठीं लिहिल्या, तर रक्कम सॉफ्टवेअरच्या निर्यातींत पडते. त्याच आज्ञा मोटार-कंपनीच्या पगारी इंजिनियरांनीं लिहिल्या, तर तो मोटारीचा उत्पादनखर्च. ब्रेकच्या नियंत्रकांत त्या भरूनच आल्या, तर बिल सुट्या भागाचें. राजगुरुनगरावरून जाणाऱ्या मालट्रकवरील मोटारींच्या किंमतींत त्या मिसळलेल्या असतात. निराळा रकाना नसतो. अमेरिकेच्या टेस्ला कंपनीनें २०२१ सालीं मोटार चालविण्यास साहाय्य करणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरचें मासिक भाडें गिऱ्हाइकांकडून वेगळें घेण्यास आरंभ केला. शिवणयंत्राची कुपी तेथें दुसऱ्यांदा यंत्रापासून निराळी झाली.