बिटबेक
संगणकाच्या मूळ संहितेपासून एखाद्या यंत्रासाठी लागणारी संपूर्ण आज्ञावली-प्रणाली बांधून देणारे साधन. मुख्यत्वे उपकरणांत बसविलेल्या छोट्या संगणकांकरिता लिनक्स प्रणाली तयार करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. बिटबेकचे मूळ जेंटू लिनक्सच्या पोर्टेज या साधनात आहे. ७ डिसेंबर २००४ रोजी ख्रिस लार्सन यांनी ओपनएम्बेडेड प्रकल्पाचे दोन भाग केले, तेव्हा बिटबेक स्वतंत्र झाले. लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केलेल्या योक्टो प्रकल्पातही तेच वापरतात. ते पायथन भाषेत लिहिलेले आहे.

बिटबेकला दोन प्रकारच्या फाइली प्रामुख्याने लागतात. विन्यास-फाइलींत सर्व बांधणीला लागू होणारी चलांची मूल्ये असतात. रेसिपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइलींत एकेका आज्ञावलीची संहिता कोठून आणावयाची, ती कशी संकलित करावयाची व कोठे बसवावयाची याची कृती दिलेली असते. संबंधित फाइलींचे गट केलेले असतात, त्यांना स्तर म्हणतात.

वाचनाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम स्तरांची यादी देणारी फाइल वाचली जाते, नंतर प्रत्येक स्तराची स्वतःची विन्यास-फाइल व त्यानंतर बिटबेकची मुख्य विन्यास-फाइल. ही मुख्य फाइल वापरणाऱ्याची स्थानिक फाइल, यंत्राची फाइल व वितरणाची फाइल यांना याच क्रमाने पाचारण करते. पुढे सर्वांना समान असलेल्या वर्ग-फाइली वाचून मूळ मूल्यसंच सिद्ध होतो. प्रत्येक रेसिपीला या संचाची स्वतंत्र प्रत मिळते. त्यामुळे विन्यासातील मूल्य सर्वांना लागू होते, तर रेसिपीतील मूल्य त्या रेसिपीपुरतेच राहते. एकच रेसिपी दोन स्तरांत आढळल्यास अधिक अग्रक्रमाच्या स्तरातील रेसिपी निवडली जाते, मग तिची आवृत्ती जुनी का असेना.

फाइलीतील ओळीचा अर्थ ती केव्हा वाचली जाते यावर व तिच्यातील चिन्हावर अवलंबून असतो. ‘=’ या चिन्हाने मूल्य दिल्यास आधीचे मूल्य पुसले जाते. ‘?=’ चिन्हाने दिलेले मूल्य त्या क्षणी चलाला मूल्य नसेल तरच स्वीकारले जाते. ‘+=’ चिन्ह वाचताक्षणीच मूल्याला भर घालते, तर ‘ॲपेंड’ या शब्दाने सांगितलेली भर सर्व वाचन संपल्यावर घातली जाते. मूल्यात दुसऱ्या चलाचा उल्लेख असल्यास ‘=’ वापरले असता तो उपयोगाच्या वेळी उलगडतो व ‘:=’ वापरले असता वाचतानाच उलगडतो. उदा., क = पुणे असताना ख ला क चे मूल्य दिले व पुढे क = सातारा केले, तर पहिल्या प्रकारात ख = सातारा व दुसऱ्या प्रकारात ख = पुणे असे उत्तर येते.

या नियमांकडे दुर्लक्ष झाल्यास चूक सहसा लक्षात येत नाही. उपकरणात एक आज्ञावली जास्तीची बसवावी म्हणून स्थानिक फाइलीत संबंधित चलाला ‘+=’ ने भर घातली, तर त्या चलाला मूल्य मिळालेले असते. पुढे वर्ग-फाइलीतील ‘?=’ ही ओळ त्यामुळे निष्फळ ठरते व प्रणाली सुरू होण्यास आवश्यक असलेले आज्ञावली-गटच वगळले जातात. याउलट रेसिपीने तेथे ‘=’ वापरले असल्यास वापरणाऱ्याने घातलेली भर नाहीशी होते. व्याकरणदृष्ट्या दोन्ही ठिकाणी दोष नसल्याने बांधणी निर्विघ्न पार पडू शकते. उणीव उपकरण चालू करतानाच कळते. अशा वेळी ‘ॲपेंड’ वापरणे योग्य असते. ही भर पूर्वी चलाच्या नावापुढे अधोरेषा देऊन लिहीत. २०२१ मधील बदलानंतर त्या जागी विसर्गासारखे ‘:’ हे चिन्ह आले.

अंतिम मूल्य कसे सिद्ध झाले हे पाहण्यासाठी बिटबेकला ‘-ई’ हा पर्याय देतात. त्यामुळे प्रत्येक चलाच्या मूल्याबरोबर ते कोणत्या फाइलीतील कोणत्या ओळीने बदलले याचा इतिहासही छापून मिळतो.