बोचोर्नोसो: थंडी नव्हे, घाम!

'बोचोर्नोसो'. ऐकल्यावर आधी काय आठवतं? बोचरी थंडी! पण हा स्पॅनिश शब्द नेमका उलट्या टोकाचा. आभाळ भरलंय, पान हलत नाही, शर्ट पाठीला चिकटलाय... असा दिवस म्हणजे बोचोर्नोसो. शब्दार्थ लिहिताना आपण त्यापुढे 'दमट' लिहून मोकळे होतो. मला ते पटत नाही.

कारण दमट म्हणजे नुसती ओल. जुलैत राधानगरीला जा. शाहू महाराजांचा लक्ष्मी तलाव भरला की धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. दाजीपूरचं जंगल धुक्यात गडप. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. हवा दमट आहे, कुंद आहे, पण बोचोर्नोसो अजिबात नाही, कारण अंगात स्वेटर असतो! तेच गाव मे महिन्यात, वळवाच्या तासभर आधी बघा. "लई गदमदाय लागलंय, येतोय बघ पाऊस," असं एखादी आजी पदराने वारा घेत म्हणते ना, तो तास बोचोर्नोसो. आपल्याकडे त्याला क्रियापद आहे, त्यांच्याकडे विशेषण.

शब्द आला वाऱ्यावरून. आग्नेयेच्या वाऱ्याचं लॅटिन नाव 'वुल्तुर्नुस', त्याचं स्पॅनिशमध्ये झालं 'बोचोर्नो'. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यात त्या दिशेच्या उष्ण वाऱ्याला आजही हेच म्हणतात. उकाड्याने चेहरा लाल होतो, तसा शरमेनेही होतो. म्हणून दुसरा अर्थ, लाजिरवाणं.

खरी गोची इथेच. माझी एक मैत्रीण, मूळची राधानगरीची, पुण्यात स्पॅनिश क्लायंट सांभाळते. एक साहेब पुण्यात मीटिंग करून परत गेले आणि मेल आला, मीटिंग 'बोचोर्नोसा' होती. (स्पॅनिशमध्येही मीटिंग स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'सा'.) टीममधल्या एकाने डिक्शनरी उघडली आणि एसी नीट चालत नसल्याबद्दल दिलगिरी टाइपसुद्धा केली. तिने सेंड करू दिलं नाही! प्रेझेंटेशनमधले आकडे चुकले होते, साहेब त्यावर भडकले होते. तिने आधी फोन लावला, आकडे दुरुस्त केले, मगच मेल गेला. काम हातचं गेलं नाही.

आणि हो, स्वतःला उकडत असेल तर 'तेंगो कालोर' म्हणा. बोचोर्नोसो दिवस असतो, माणूस घामाने होत नाही. 'एस्तोय कालिएन्ते' तर चुकूनही नको. त्याचा अर्थ ऑफिसात सांगण्यासारखा नाही.