पेठेतली विंडोज या डिस्कवरून त्या डिस्कवर

पुण्यात मंडईपासून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली चालत दहा मिनिटांच्या आत. तिथे विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक सामान मिळतं. पुढे अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, आणि आसपासच्या वाड्यांत डीटीपीवाले. गेल्या पंचवीस वर्षांत या भागाला विंडोज एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर जशीच्या तशी नेण्याची गरज वारंवार पडली, ती या शेजारामुळेच.

विंडोज नव्यानं टाकणं अवघड नव्हतं. पण डीटीपीवाल्याच्या यंत्रात पानं मांडायचं पेजमेकर असे, मराठी टंकनाची श्रीलिपीसारखी प्रणाली असे, हाताला बसलेला कळफलक असे आणि वर्षानुवर्षं जमवलेले फाँट असत. पेजमेकर ७.० हे 2001 सालचं, शेवटचं. त्याला युनिकोड कळत नाही. फाँट गेला की मराठी पान उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. म्हणून डिस्क कुरकुरू लागली की ‘फॉरमॅट मारू का?’ या प्रश्नाला नकारच मिळे.

विंडोज एक्सपी 2001 मध्येच आली. तेव्हा चाळीस पिनांची चपटी केबल, आणि जंपर बदलून एक डिस्क मास्टर, दुसरी स्लेव्ह. फायली नुसत्या कॉपी करून भागत नसे, कारण यंत्र सुरू होई ते डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांपासून, आणि ते फायलींच्या यादीत दिसत नसत. शिवाय चालू विंडोज स्वतःच्या काही फायली कुणाला उघडू देत नाही. म्हणून बाहेरून, डॉसच्या फ्लॉपीवरून काम करायचं. त्यासाठीचं घोस्ट हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं. 1998 मध्ये ते सिमँटेककडे गेलं आणि आपल्याकडे ‘घोस्ट मारणं’ हे क्रियापदच झालं.

खरी कसोटी त्यानंतर. एक्सपी प्रत्येक डिस्कची ओळख रजिस्ट्रीत लिहून ठेवते. क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, झाल्यावर दोन्ही डिस्क जोडून यंत्र सुरू केलं, तर नव्या डिस्कला ‘सी’ऐवजी दुसरंच अक्षर चिकटू शके, आणि मग पासवर्ड देऊनही लॉगिन होईना. म्हणून पहिल्या सुरुवातीआधी जुन्या डिस्कची केबल काढायची. हे ज्याला ठाऊक, तो मला खरा कारागीर वाटतो. सॉफ्टवेअरचं बटण कुणीही दाबू शकतं.

पुढे साटा केबल आली, जंपर गेले. 2011 मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर भाव चढले. मग एसएसडी. एक्सपीचं विभाजन 63व्या सेक्टरपासून सुरू होई, ते एसएसडीच्या चार किलोबाइटच्या रचनेशी जुळत नसे. तसंच क्लोन केलं की नवी महाग डिस्क उगाच मंद चाले. विंडोज 7 एक मेगाबाइटपासून सुरुवात करते, तिथे ही अडचण राहिली नाही. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधार थांबला, 14 जानेवारी 2020 ला विंडोज 7चा.

आता 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10चीही मुदत संपली. विंडोज 11 ला यंत्रातच टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे नुसती डिस्क बदलून जुनं यंत्र अधिकृतपणे पात्र होत नाही. अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्क आधीच विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद असते; 48 अंकी रिकव्हरी की हाताशी नसताना डिस्कला हात लावणं मला धोक्याचं वाटतं.

जुन्या पेजमेकर फायलींची काळजी मात्र संपलेली नाही. 2009 मध्ये आलेल्या डिस्कटूव्हीएचडी या साधनानं अख्खी एक्सपी एका फायलीत काढता येते आणि नव्या विंडोजमध्ये आभासी यंत्र म्हणून चालवता येते. अडतं ते हार्डवेअर लॉकपाशी. काही टंकन-सॉफ्टवेअरचा परवाना प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या लॉकमध्ये असे, आणि नव्या यंत्राला ते पोर्टच नसतं. ज्यांच्याकडे असं लॉक आहे, त्यांनी जुनं यंत्र सुरू होतंय तोवर महत्त्वाच्या पुस्तकांची पानं पीडीएफ करून, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.