शौर्याची गोधडी

इराकच्या युद्धावर गेलेल्या पुत्राच्या चिंतेने व्याकुळ झालेल्या कॅथरीन रॉबर्ट्स या अमेरिकन मातेने २००३ साली 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' ही जी चळवळ आरंभिली, तिच्या वतीने युद्धाची झळ सोसलेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांना गोधड्या बहाल झाल्या आहेत. तुकड्यांचा वरचा थर, मधले भरण व खालचे अस्तर हे एकत्र शिवलेलेच असावे, केवळ गाठींनी बांधलेले नसावे, असा दंडक असून पाठीमागच्या पट्टीवर शिवणाऱ्याच्या नावाची नोंद असते. व्हिएतनामहून परतल्यावर ज्यांच्या वाट्याला स्वागताऐवजी उपेक्षाच आली, त्या आता वार्धक्यात एकाकी झालेल्या सैनिकांच्या खांद्यांवर ही गोधडी समारंभपूर्वक पांघरली जाते, हे मला विशेष मोलाचे वाटते. सैनिकाकडून तिचा दाम घेतला जात नाही.