दिवसा दरबारात, रात्री यमसभेत

ओनो नो ताकामुरा (८०२–८५३) हा जपानच्या दरबारातला कवी. चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर जायला नकार दिल्याने ओकी बेटांवर हद्दपार झाला. ८४० मध्ये माफी मिळाली.

आख्यायिका अशी, की रोज रात्री क्योतोतल्या रोकुदो चिन्नोजी मंदिराच्या विहिरीतून तो पाताळात उतरे आणि एन्माला, म्हणजे आपल्या यमाला, न्यायदानात मदत करी. ती विहीर आजही दाखवतात. ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या कथासंग्रहातली कथा तर फारच हृद्य आहे. मंत्री फुजिवारा नो योशिमी मरून एन्मासमोर उभा राहतो, तर तिथे ताकामुरा! ताकामुरा अडचणीत असताना योशिमीने पूर्वी त्याची बाजू घेतली होती. ते स्मरून ताकामुरा रदबदली करतो आणि योशिमी जिवंत होतो. पुढे दरबारात गाठ पडल्यावर ताकामुराची एकच विनंती असते: याची वाच्यता करू नका.