गप्पी माशांच्या गाभण माद्या व त्यांच्या पिलांची निगा

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांसाठी शेततळी, जनावरांसाठी हौद आणि टंचाईच्या गावांत पाणी साठविण्याच्या टाक्या मोठ्या संख्येने आहेत. साठविलेले पाणी हे शेतकऱ्याचे धन होय. परंतु ते उघडे व स्थिर राहिल्यास त्यात डास अंडी घालतात, आणि अनुकूल हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास आठ ते दहा दिवस पुरतात. हिवताप व डेंग्यू पसरविणारे डास अशाच पाण्यात वाढतात. घागरी व रांजण आठवड्यातून एकदा कोरडे करता येतात. विहीर किंवा मोठा हौद मात्र तसा रिकामा करता येत नाही. अशा ठिकाणी डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा उपयोगी पडतो.

हा मासा मूळचा त्रिनिदाद बेटावरील व दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील. याच कामासाठी वापरला जाणारा गंबुशिया हा दुसरा मासा १९२८ साली इटलीतून भारतात आणण्यात आला. दोन्ही मासे अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देतात. मासे सोडले, परंतु काही महिन्यांनी एकही दिसेना, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. गप्पीच्या मादीला पिले पुष्कळ होतात. ती जगत नाहीत, हे या तक्रारीचे मुख्य कारण होय. मोठे मासे, आणि प्रत्यक्ष जन्म देणारी मादीसुद्धा, नुकतीच जन्मलेली पिले खाऊन टाकतात.

गाभण मादी कशी ओळखावी

नर लहान, सडपातळ व रंगीत असतो. मादी त्याहून मोठी व फिकट करड्या रंगाची असते. मादी गाभण राहिली म्हणजे पोटाच्या मागील भागात, खालच्या पराजवळ, काळसर ठिपका दिसतो व तो दिवसेंदिवस गडद होतो. विण्याच्या सुमारास पोट फुगून पुढील बाजूस चौकोनी दिसू लागते आणि मादी कोपऱ्यात एकटी राहते. गर्भाचा काळ साधारण चार आठवड्यांचा असतो. मादी एकदा मिळालेले नराचे बीज शरीरात साठवून ठेवते. त्यामुळे नरापासून वेगळी केल्यावरही ती पुढे काही वेळा वितेच. प्रत्येक वेळी होणाऱ्या पिलांची संख्या मादीच्या वयावर व आकारावर अवलंबून असते. लहान मादीला थोडीच पिले होतात, तर पूर्ण वाढलेल्या मादीला तीस, चाळीस किंवा त्याहूनही अधिक होतात.

विण्याची व्यवस्था

काळा ठिपका स्पष्ट दिसू लागताच मादी वेगळ्या टाकीत न्यावी. अगदी शेवटच्या दिवसांत तिची हलवाहलव करू नये. धक्क्याने पिले अपुऱ्या दिवसांत पडण्याचा संभव असतो. मासा हाताने न धरता मऊ कापडाच्या जाळीने पाण्यासकट उचलावा. नव्या टाकीचे पाणी जुन्या पाण्याइतकेच कोमट असावे.

टाकीत पिलांना लपण्यास जागा असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यासाठी पाणवनस्पती दाट लावाव्या. त्या न मिळाल्यास स्वच्छ धुतलेल्या सुतळीचे मोकळे झुबके पाण्यात सोडावे व तळाशी फुटकी कौले ठेवावी. सुमारे तीन ते चार मिलिमीटर फटी असलेली बांबूची टोपली पाण्यात अर्धी बुडवून तीत मादी ठेवल्यास पिले फटींतून बाहेर निसटतात व मादी आत राहते. ती व्याली की तिला मूळ हौदात परत सोडावे. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात झाडोरा नसतो. तेथे सुतळीचे झुबके काठाने बांधून न ठेवल्यास पिले टिकणे कठीण जाते.

पिलांचा आहार व पाणी

पिले जन्मतःच पोहतात व खाऊ लागतात. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून चिमूटभर द्यावा, किंवा शेंगदाण्याच्या पेंडीची वस्त्रगाळ पूड द्यावी. दिवसातून तीन-चार वेळा, काही मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. उरलेले अन्न कुजून पाणी नासते व पिले मरतात. दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. ज्या पाण्यात मासे आहेत त्यात ब्लीचिंग पावडर टाकू नये. द्राक्षबागेत वापरले जाणारे मोरचूद माशांना घातक आहे. म्हणून बोर्डो मिश्रणाची भांडी व फवारणीचे पंप हौदाजवळ धुऊ नयेत.

बेडूक, चतुराच्या अळ्या व खंड्या पक्षी यांपासून संरक्षणासाठी टाकीवर जाळी ताणावी. नर ओळखू येऊ लागले की पिलांतील नर व माद्या वेगळे करावे. दोन ते तीन महिन्यांत पिले वयात येतात.

हंगामाचे गणित

गप्पीला उबदार पाणी मानवते. निफाड भागात थंडीच्या लाटेत पारा पाच अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवसांत उथळ टाकीतील मासे दगावतात. म्हणून मातृसाठा तीन-चार फूट खोल पाण्यात ठेवून रात्री वरून ताडपत्री घालावी. सिन्नर व येवल्याच्या कोरड्या भागात उन्हाळ्यात हौद आटण्यापूर्वी थोडे मासे पाणी टिकणाऱ्या टाकीत हलवावे.

फेब्रुवारी व मार्चमध्ये जन्मलेली पिले जूनपर्यंत पूर्ण वाढतात, आणि डासांची पैदास पावसाबरोबर वाढते. समजा, दहा माद्यांपासून तीनशे पिले झाली. त्यांतील वीसच वाचली, तर गावच्या सर्व विहिरींना ती पुरणार नाहीत. दोनशे वाचली तर गावाची गरज भागून शेजारच्या गावासही देता येतील. पावसाळ्यातील यश अशा रीतीने उन्हाळ्याच्या आरंभी घेतलेल्या काळजीवर अवलंबून असते. अधूनमधून दुसऱ्या गावच्या हौदातील काही नर आणावे. सतत एकाच घराण्यातील वीण दुर्बल होते.

एक आवश्यक सूचना

हे मासे परदेशी असून ते स्थानिक माशांची अंडी व पिले खातात. गंबुशियाची गणना तर जगातील अत्यंत उपद्रवी परकीय जीवांत झाली आहे. म्हणून गोदावरी, दारणा, तिच्या उपनद्या, ओढे व नैसर्गिक तळी यांत ते कदापि सोडू नयेत. विहीर, हौद व बंदिस्त शेततळे एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग करावा आणि शेततळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी बसवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने पैदासीचा हौद निश्चित करावा. मासे सोडल्याची तारीख व ठिकाण वहीत नोंदवावे आणि पंधरवड्याने पाण्यात पांढरी वाटी बुडवून अळ्या उरल्या आहेत काय हे पाहावे. अळ्या आढळल्यास मासे कमी पडले किंवा मेले, असे समजून पुन्हा सोडावे.