घरच्या हवेचा जमाखर्च

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि त्यानंतरच्या धामधुमीत सरकारी पथकांनी जे अनेक उपाय रयतेच्या माथी मारले त्यांत एक असा होता की, अंधाऱ्या व कोंदट खोल्यांवरची कौले उतरवून आत ऊन-वारा शिरू द्यावा. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, आणि तो उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या द्वारे माणसापर्यंत पोचतो हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. परंतु दूषित वायूतून रोगराई उद्भवते या जुन्या समजुतीचा अंमल अधिकाऱ्यांच्या मनावरून तेव्हा पुरता उठलेला नव्हता. कौले काढल्याने प्लेग हटला नाही, हे सांगावयास नकोच. तथापि त्या चुकीच्या निदानातून एक शहाणपणाची गोष्ट मागे राहिली. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे जे. पी. ऑर यांच्या कारकीर्दीत साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पुरस्कार केला. खिडकीच्या तळाशी उभे राहून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर पाहिले असता आकाश दिसले पाहिजे, म्हणजेच समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निदान निम्मी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे, असा त्या नियमाचा सरळ अर्थ.

ज्या झरोक्यांसाठी एके काळी कायदेकानू झाले, ते आज आपण स्वहस्ते बुजवीत आहो. सज्जाला काचेची सरकती दारे बसवून त्याची खोली केली जाते, धूळ येते म्हणून खिडकी बंद, डास येतात म्हणून बंद, वातानुकूलन यंत्र चालू आहे म्हणून बंद. हे यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणते असा अनेकांचा प्रामाणिक समज असतो. वस्तुतः भिंतीवरचे घरगुती यंत्र खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून परत देते, आणि बाहेर लटकणारी पेटी उष्णता तेवढी बाहेर टाकते.

घरातील हवेचा सारा मामला माझ्या मते एखाद्या वाण्याच्या खातेवहीसारखा आहे. जमेच्या बाजूस आपण घरात जे जाळतो, तळतो, फवारतो आणि झाडून उडवितो ते. खर्चाच्या बाजूस खिडकी, झरोका आणि पंखा यांवाटे जे बाहेर पडते ते. आणि दोहोंमधील शिल्लक आपल्या छातीत. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे ११,००० लिटर हवा आत घेतो, तेव्हा ही शिल्लक क्षुल्लक मानून चालणार नाही. तिच्यातील सर्वांत उपद्रवी घटक म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असे सूक्ष्मकण, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक, जे नाकातील केसांना व घशातील कफाला हुलकावणी देऊन थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे सुचविले. आपल्या देशातील मर्यादा ४० आहे.

जमेच्या बाजूची सर्वांत मोठी रक्कम आपल्या देशात चुलीच्या नावावर पडते. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांना छताला साणे ठेवीत, कोकणातील घरांत धूर कौलांच्या फटींतून निथळत बाहेर जाई, तरीही चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे लाल आणि आढे काळे, हे चित्र काही बदलले नाही. हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली धूरविरहित स्वयंपाकघरासंबंधी एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींची योजना देशभर राबविली. परंतु धुराडी काजळीने तुंबली, चुलींना तडे गेले, आणि चूल बसवून देण्यासाठी आलेला मनुष्य दुरुस्तीसाठी सहसा पुन्हा फिरकला नाही. नेमक्या त्याच सुमारास कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो याचे मापन केले. धूर म्हणजे गरिबीची केवळ गैरसोय नसून तो एक रोगकारक आहे, ही गोष्ट जगाच्या दफ्तरी दाखल होण्यास त्या कामाचा मोठा हातभार लागला. २०२० या एका वर्षात घरातील इंधनाच्या धुराने जगात ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

गॅसची शेगडी आली म्हणजे हा हिशेब मिटला असे मानणारी मंडळी शहरांत पुष्कळ आहेत. धूर गेला, यात संशय नाही, आणि ही क्रांती लहान नव्हे. परंतु मिरचीची फोडणी दिल्यावर दिवाणखान्यात बसलेला पाहुणा ठसकतो, तेव्हा स्वयंपाकघरातील हवा किती वेळात किती दूर जाते याचा दाखला आपोआपच मिळतो. तापलेल्या तेलातून सूक्ष्मकण उठतात, ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. ज्योत निळी सोडून पिवळी पडली तर बर्नर तुंबला आहे असे समजून तो साफ करावा. चिमणी घ्यावयाची झाल्यास तिची नळी बाहेर जाते की नाही, हे आधी पाहावे. नळी नसलेली चिमणी तेलकटपणा जाळीत धरते, वास कोळशात थोडासा जिरवते आणि बाकीची हवा विनम्रपणे पुन्हा स्वयंपाक करणाऱ्याच्याच तोंडावर सोडते. त्यापेक्षा भिंतीत उंचावर बसविलेला साधा एक्झॉस्ट पंखा बरा, मात्र त्याच्या लगतची खिडकी मिटून समोरच्या बाजूची उघडी ठेवावी. अन्यथा पंखा शेजारच्या खिडकीतील हवा ओढून लगेच बाहेर टाकीत राहतो आणि कढईवरचा धूर जागच्या जागी राहतो.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. रात्रभर जळणाऱ्या डासांच्या एका कॉइलमधून जेवढे सूक्ष्मकण बाहेर पडतात, ते मोजले असता ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले, असे एका संशोधनात आढळले आहे. आणि ज्या घरात सिगारेट ओढणाऱ्या जावयाला गॅलरीत उभे करतात, त्याच घरात दारे-खिडक्या लावून पाळण्याखाली कॉइल लावली जाते. मच्छरदाणी ही वस्तू आपल्याकडे गावंढळ ठरली, हे आपले दुर्दैव. उदबत्तीची गोष्ट अधिक नाजूक आहे. तिच्या एका ग्रॅममधून ४५ मिलिग्रॅमहून अधिक कण निघतात, सिगारेटच्या एका ग्रॅममधून सुमारे १०. देवाला धूप नको असे म्हणण्याचा अधिकार माझा नव्हे, परंतु देव्हाऱ्याजवळची खिडकी उघडली तर देव रुष्ट होईल असे कोणत्याही पोथीत माझ्या तरी वाचनात आलेले नाही. कपाटातील डांबरगोळ्या, खोलीत सुवास पसरविणारे फवारे, नव्या प्लायवूडचा आणि ताज्या रंगाचा तो ओळखीचा वास, हे सारे याच खात्यात जमा होते. आपण ज्याला नवेपणाचा वास म्हणतो, त्यात बरेचदा फॉर्मल्डिहाइडचा वाटा असतो.

खर्चाच्या बाजूस खिडकीवाचून दुसरा मोठा कारभारी नाही. म्यूनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सांगून ठेविले की, खोलीतील कर्बाम्ल वायू (कार्बन डायऑक्साइड) दहा हजारांत दहा भागांवर गेला की ती हवा कोंदली असे मानावे. आज बाहेरच्या मोकळ्या हवेतच तो चारांच्या वर आहे, आणि बंद शयनगृहात दोन माणसे रात्रभर निजली की पहाटेपर्यंत दहाची मर्यादा सहज ओलांडली जाते. सकाळी उठल्यावर जड वाटणाऱ्या डोक्याचा दोष आपण बिचाऱ्या उशीला देतो. मात्र खिडकी केव्हा उघडावी यालाही काळवेळ आहे. पहाटेची हवा आरोग्यदायी, ही आपली परंपरागत समजूत हिवाळ्यातील शहरांना लागू पडत नाही; त्या दिवसांत जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराच्या झाकणाखाली अडकते आणि रस्त्यावरचा धूर तिच्यातच साचतो. अशा दिवसांत दुपारी, ऊन चढल्यावर, समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडाव्यात. पावसाळ्यातील ओल हे वेगळे प्रकरण आहे: आर्द्रता साठ टक्क्यांवर राहिली की भिंतीवर बुरशी धरते, आणि तिच्यावर रंगाचा हात देणे म्हणजे जप्तीच्या मालावर चादर घालण्यासारखे.

कुंडीतील झाडे हवा शुद्ध करतात, ही वार्ता १९८९ च्या नासाच्या प्रयोगापासून फिरत आहे. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता; २०१९ मध्ये दोघा अभ्यासकांनी अशा सर्व प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हा उघड्या खिडकीची बरोबरी साधण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील असे निघाले. झाडे जरूर लावावीत, ती दिसण्यास सुंदर असतात. हेपा गाळणीचे यंत्र सूक्ष्मकण खरोखरच पकडते, व दम्याच्या रुग्णाच्या खोलीत ते असावे. परंतु कर्बाम्ल वायू किंवा कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर त्याची मात्रा चालत नाही.

या शेवटच्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. लहानशा स्नानगृहात गॅसचा गीझर, थंडी वाजते म्हणून पुठ्ठा लावून बुजविलेला झरोका आणि आतून कडी, एवढ्या सामग्रीवर धडधाकट माणसे कोसळल्याच्या वार्ता दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत येतात. आपल्या घरी तसा गीझर असेल, तर वाचकहो, हे पान मिटून आधी तो पुठ्ठा काढून या.